स्ट्रक्चरल ऑडिट करणाराच दुरुस्तीचा कन्सल्टंट: हे चालतं का?

गच्चीवरची_टाकी

ठाण्यातली तळ + ७ मजल्यांची आरसीसी इमारत, बांधकाम १९८८ चं, ५६ सदनिका. नुकतंच स्ट्रक्चरल ऑडिट झालं. अहवालात वर्ग सी-२बी दिलाय, म्हणजे इमारत रिकामी न करता दुरुस्ती. अहवालाच्या मागेच ऑडिटर इंजिनिअरचा पीएमसीसाठी (दुरुस्तीच्या कामाचा देखरेख-सल्लागार) प्रस्ताव जोडलेला आहे: बीओक्यू (कामांची आणि त्यांच्या प्रमाणांची यादी), टेंडर, साइटवर देखरेख आणि बिलं तपासणं, सगळं मिळून अंतिम बिलाच्या ४ टक्के. अंदाजपत्रक १ कोटी १० लाखांचं.

खटकलेल्या गोष्टी अशा. बीओक्यूत पॉलिमर (सिमेंटमध्ये मिसळायचं चिकट रसायन), मायक्रोकाँक्रीट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळा माल एकाच कंपनीचा आहे, तोही नावानिशी. काम त्या कंपनीच्या मान्यताप्राप्त ॲप्लिकेटरनेच (माल लावणाऱ्या कंत्राटदारानेच) करावं अशी अट आहे. कॉन्ट्रॅक्टरची नावं ऑडिटरनेच दिली आणि त्यातल्या एका फर्ममध्ये त्यांचा मेव्हणा भागीदार आहे. विचारल्यावर त्यांनी ते लगेच मान्य केलं. त्यांचं म्हणणं, "मी लपवलं नाही, मग हरकत काय?"

भरीला आमच्या तांत्रिक उपसमितीतले एक इंजिनिअर सभासद बांधकाम रसायनांच्या दुसऱ्या एका कंपनीत नोकरीला आहेत, आणि सगळ्यात जोरात आक्षेप त्यांचाच.

यात नियमाविरुद्ध नेमकं काय आणि नुसतं वाईट दिसणारं काय? ऑडिटर बदलायचा, की करार बदलून भागेल? अनुभवी लोकांनी सांगावं.

---

मोजमाप_वही

आधी फीचं बोलू, कारण मेव्हण्यापेक्षा मोठा घोळ तिथे आहे.

दुरुस्तीचं काम नवीन बांधकामासारखं नसतं. नव्या कामात ड्रॉइंगवरून काँक्रीट किती, सळई किती हे आधी काढता येतं. दुरुस्तीत गिलावा फोडल्याशिवाय आत किती खराब आहे हे कुणालाच कळत नाही. म्हणून बीओक्यूतल्या संख्या अंदाजे असतात आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघतं. आता हे मोजमाप मंजूर करणार कोण? पीएमसी. आणि त्याची फी कशावर? त्याच बिलावर. १ कोटी १० लाखांवर ४ टक्के म्हणजे ४ लाख ४० हजार. बिल १ कोटी ६० लाखांवर गेलं की ६ लाख ४० हजार. म्हणजे पन्नास लाखांची वाढ थोपवली तर दोन लाखांचं नुकसान, आणि मान डोलावली तर दोन लाखांचा फायदा. माणूस कितीही सरळ असला तरी अशी रचना करूच नये. यात लाच नाही, कट नाही. कागदावर सही केलेल्या करारातच हा हितसंबंध बसलेला आहे, म्हणून तो कुणाला दिसत नाही.

फी तुकड्यांत बांधा. ऑडिटची एकरकमी, ती संपली. बीओक्यू आणि टेंडर कागदपत्रांची एकरकमी. देखरेखीची दरमहा ठरलेली, कामाच्या मुदतीशी बांधलेली. टक्केवारीच हवी असेल तर ती मंजूर टेंडर रकमेवर आणि तिथेच गोठवायची. वाढीव कामावर फी नाही. सर्वसाधारण सभेने वेगळं मंजूर केलेलं नवीन काम असेल तरच त्याची वेगळी फी.

पण ठरलेल्या फीलाही एक खोड आहे: रक्कम ठरली की साइटवरच्या फेऱ्या कमी होतात. म्हणून करारात हजेरी लिहा. ज्युनिअर इंजिनिअर रोज किती तास, स्वतः कन्सल्टंट आठवड्यातून किती वेळा, आणि कोणत्या टप्प्यावर त्याच्या सहीशिवाय पुढचं काम करायचं नाही. हे टप्पे तीन तरी हवेतच: तोडफोड झाल्यावर सळई उघडी असताना, सळई साफ करून लेप लावल्यावर, आणि बाँड कोट (जुनं काँक्रीट आणि नवा थर जोडणारा लेप) ओला-चिकट असताना मॉर्टर (दुरुस्तीचं सिमेंट-वाळूचं मिश्रण) चढवायच्या क्षणी. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. बाँड कोट वाळल्यावर मॉर्टर मारलं तर थर पुढे पोकळ वाजतो, आणि वरून रंग लागल्यावर ते कुणाच्या बापाला कळत नाही.

---

सळई_बारा

वरच्याशी सहमत. पण मी एक पाऊल मागे जाईन: अहवाल मुळात कुठे झुकलाय ते तपासा. ज्याला पुढचं काम मिळणार आहे त्याच्या अहवालात इमारत असते त्यापेक्षा थोडी वाईट दिसते, आणि विकासकाच्या पैशाने झालेल्या ऑडिटमध्ये बरीच वाईट. खोटे आकडे लिहावे लागत नाहीत. चाचणी कुठे करायची आणि आकडा कोणत्या तक्त्याशी लावायचा एवढ्यावर भागतं.

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीचंच (काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ती चाचणी) उदाहरण घ्या. भारतीय मानक आयएस १३३११ भाग १ च्या जुन्या तक्त्यात ४.५ किमी/सेकंदच्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३.० ते ३.५ मध्यम, ३.० च्या खाली संशयास्पद. (ते मानक आता आयएस ५१६ भाग ५ मध्ये गेलंय, पण सोसायट्यांच्या अहवालांत हाच तक्ता अजून छापलेला दिसतो.) हे आकडे समोरासमोर दोन प्रोब लावून घेतलेल्या वाचनांसाठी. दोन्ही प्रोब एकाच बाजूला ठेवून, म्हणजे सरफेस पद्धतीने वाचन घेतलं की वेग ५ ते २० टक्के कमी येतो. स्लॅबला आणि भिंतीत गाडलेल्या कॉलमला सरफेस वाचन घ्यावंच लागतं, त्यात चूक नाही. पण हा फरक न धरता ते आकडे या तक्त्याला लावले की चांगल्या कॉलमवर 'मध्यम' आणि मध्यम कॉलमवर 'संशयास्पद' असा शिक्का बसतो. अहवालात प्रत्येक वाचनासमोर पद्धत लिहिली आहे का पाहा. रकानाच नसेल तर तो पहिला प्रश्न.

रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून उसळीवरून ताकदीचा अंदाज देणारा हातोडा) उलट्या बाजूने फसवतो. जुन्या काँक्रीटची वरची कातडी कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रक्रियेने) कडक होते आणि ताकद खूपच जास्त दिसते. टोकाच्या वेळी ५० टक्क्यांपर्यंत, हे मानकातच लिहिलंय. फिनॉल्फ्थॅलीन (रंग बदलून कार्बोनेशन दाखवणारं द्रावण) मारून कार्बोनेशनची खोली घेतली नसेल तर हॅमरच्या आकड्यांना अर्थ नाही.

हाफ सेल (सळईच्या गंजाची विद्युत चाचणी): कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने -३५० मिलिव्होल्टपेक्षा ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, -२०० पेक्षा कमी ऋण असेल तर १० टक्क्यांहून कमी. मधलं सगळं अनिश्चित. बहुतेक इमारतींची बरीचशी वाचनं या मधल्या पट्ट्यातच येतात आणि अहवालात बेधडक 'गंज सक्रिय' लिहिलेलं असतं.

कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना): आयएस ४५६ प्रमाणे किमान तीन कोअर, सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. हा निकष मुळात नव्या कामाचं काँक्रीट स्वीकारायचं की नाही यासाठीचा. जुन्या इमारतीला तो लावताना मूळ ग्रेड कोणता धरला हे विचारा. १९८८ च्या इमारतीत एम-१५ (काँक्रीटचा ग्रेड, आकडा मोठा तेवढी ताकद जास्त) असणं अगदी साधारण आहे. तिला एम-२५ च्या फुटपट्टीने नापास करणं सोपं.

करून पाहायला एक गोष्ट. अहवालातल्या चाचणीच्या जागा मजल्यांच्या नकाशावर लाल पेनाने मांडा. सगळे ठिपके टॉयलेटच्या डक्टभोवती, गच्चीखालच्या स्लॅबवर आणि पश्चिमेच्या पावसाळी बाजूला पडले असतील तर त्या चाचण्या इमारतीबद्दल सांगत नाहीत, गळतीबद्दल सांगतात.

---

पेण_वडखळ

थोडा वेगळा सूर लावतो.

ऑडिटर वेगळा, पीएमसी वेगळा, चाचणीवाला वेगळा असं ऐकायला छान वाटतं. ५६ घरांच्या सोसायटीत प्रत्यक्षात काय होतं? पीएमसी म्हणतो ऑडिटमध्ये हा बीम सुटला, ऑडिटर म्हणतो मी डोळ्यांनी दिसलं तेवढं लिहिलं, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मला दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. टोलवाटोलवीत पावसाळा येतो आणि परांची तशीच उभी. ज्याने इमारत ठोकून पाहिली त्यानेच दुरुस्ती आखली तर जबाबदारी एकाच सहीवर राहते, हा फायदा मोडीत काढू नका.

आणि कुठल्याही नियमात 'ऑडिटर पीएमसी होऊ शकत नाही' असं सरसकट लिहिलेलं नाही. सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी एवढंच सांगतात की १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट ५ वर्षांतून एकदा, ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा. माणूस कोण याबद्दल पालिकेच्या यादीवरचा असावा, बस.

माझ्या मते माणूस तोच ठेवा, पैशाची वाट बदला. फी गोठवा, मेव्हण्याची फर्म बाद करा, ब्रँडची अट काढा. मग तोच माणूस बरा वागतो की नाही ते पाहा.

---

सळई_बारा

@पेण_वडखळ, जबाबदारी एका सहीवर हे मान्य. मग निदान दुसऱ्या डोळ्याखालून तरी जाऊ द्या. पुन्हा पूर्ण ऑडिट नको. दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकरकमी फी देऊन फक्त अहवाल आणि बीओक्यूचा ताळमेळ तपासायला सांगा, आणि त्याला हे काम मिळणार नाही हे आधीच लेखी कळवा. तेवढ्या एका ओळीने त्याच्या अभिप्रायाची किंमत दुप्पट होते.

अवांतर: मुंबईत सी-१ (धोकादायक, रिकामी करून पाडायची इमारत) सारख्या प्रकरणात दोन परस्परविरोधी अहवाल आले तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. तिथेही दोन्ही बाजूंचे चाचणी आकडे मागतात, निष्कर्षाचं पान नाही.

---

वाळूघड्याळ

दोन मुद्दे: "लपवलं नाही" आणि ब्रँड.

हितसंबंध उघड करणं ही पहिली पायरी, शेवटची नव्हे. अमेरिकेतल्या एनएसपीई या व्यावसायिक इंजिनिअरांच्या संघटनेच्या आचारसंहितेत इंजिनिअरने हितसंबंध उघड करावेत असं आहेच. पण त्याच संहितेत एका प्रकल्पासाठी दोन पक्षांकडून पैसे घ्यायचे तर सगळ्या संबंधितांची संमती लागते, आणि साहित्य पुरवठादाराकडून त्याचा माल सुचवण्याबद्दल काहीही घ्यायचं नाही, फुकट डिझाइनसुद्धा नाही, असं स्पष्ट म्हटलंय. हे फुकट डिझाइनचं कलम आपल्याकडे मर्मावर बोट ठेवणारं आहे. रसायन कंपनीचा टेक्निकल माणूस येतो, गच्ची पाहतो, स्पेसिफिकेशन आणि बीओक्यूचा मसुदा फुकटात करून देतो. कन्सल्टंट त्यावर आपलं लेटरहेड लावतो. रोख काही घेतलेलं नसतं, म्हणून त्याला हा हितसंबंध वाटतच नाही.

उघड माहिती असूनही काय होऊ शकतं याचं जुनं उदाहरण बॉयलरचं आहे. पाणी कमी झालं की बॉयलरचं इंधन बंद करणाऱ्या उपकरणाच्या धंद्यात अमेरिकेत एका कंपनीचं वर्चस्व होतं. हायड्रोलेव्हल नावाची छोटी कंपनी नवं उपकरण घेऊन आली. १९७१ मध्ये जुन्या कंपनीच्या अधिकाऱ्याने, जो एएसएमई या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या बॉयलर कोडच्या उपसमितीचा उपाध्यक्षही होता, अध्यक्षाबरोबर बसून कोडबद्दलच्या एका 'चौकशी'चा मसुदा केला. अध्यक्षाने संस्थेच्या नावाने हवं तसं उत्तर दिलं. ते पत्र दाखवून जुन्या कंपनीचे विक्रेते 'हायड्रोलेव्हलचं उपकरण कोडमध्ये बसत नाही' असं सांगत फिरले. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी एएसएमईलाच जबाबदार धरलं. तो अधिकारी कुठे नोकरीला आहे हे गुपित नव्हतं. चूक ही, की स्वतःच्या कंपनीचा धंदा गुंतलेल्या प्रश्नावर त्याला कुणी खोलीबाहेर बसवलं नाही.

तुमच्या इथे खोलीबाहेर म्हणजे: मेव्हण्याची फर्म टेंडरमध्ये राहणार असेल तर ऑडिटर टेंडर उघडताना नको, तुलनातक्ता त्याने करायचा नाही आणि त्या फर्मची बिलं त्याने तपासायची नाहीत. मग पीएमसी म्हणून उरलं काय? म्हणून फर्मच बाद करणं सरळ.

ब्रँडच्या जागी गुणधर्म लिहा. दुरुस्तीच्या मॉर्टरसाठी ईएन १५०४-३ या युरोपीय मानकाचे वर्ग वापरता येतात: भार घेणाऱ्या कॉलम-बीमसाठी आर-४ म्हणजे दाब सोसण्याची ताकद किमान ४५ एमपीए (ताकदीचं एकक) आणि चिकटण्याची ताकद किमान २.०, तर आर-३ म्हणजे २५ आणि १.५. जुन्या एम-१५ काँक्रीटवर आर-४ चा आग्रह धरायचा का, हा प्रश्न कन्सल्टंटला जरूर विचारा. मूळ काँक्रीटपेक्षा फार ताठर मॉर्टर जोडावर सुटू शकतं. बऱ्याच ठिकाणी आर-३ पुरतं. ॲप्लिकेटरच्या अटीऐवजी साइटवर पुल-ऑफ चाचणी (थर ओढून किती जोराने सुटतो ते पाहणं) ठेवा आणि वॉरंटी कॉन्ट्रॅक्टर व उत्पादक दोघांच्या सहीची घ्या.

---

गच्चीवरची_टाकी

खूप उपयोगी. नकाशावर ठिपके मांडले. ३८ पैकी २६ वाचनं टॉयलेट डक्टच्या भोवती निघाली, आणि पद्धतीचा रकाना खरंच नाही.

दोन प्रश्न. मोजमापात फुगवटा आहे का हे आम्ही इंजिनिअर नसलेले लोक साइटवर कसं पकडणार? आणि उपसमितीतल्या त्या सभासदाचं काय करायचं? त्यांना बाहेर काढलं तर तांत्रिक माहिती असलेला एकच माणूस जातो.

---

मोजमाप_वही

फुगवटा चौरस फुटांत कमी आणि जाडीत जास्त असतो. क्षेत्रफळ टेपने कुणीही मोजेल. पण 'सरासरी २५ मिमी' खरंच २५ होती की १२, हे नंतर कोण सांगणार? त्यामुळे दोन्ही टोकांनी धरा.

पहिलं टोक भिंतीवर. तोडफोड झाल्यावर पॅच खडूने आखा, नंबर टाका, टेप धरून फोटो काढा. मूळ पृष्ठभागापासून आतपर्यंत खोली चार-पाच ठिकाणी मोजून त्याच दिवशी मोजमाप वहीत लिहा. सोसायटीचा प्रतिनिधी, कॉन्ट्रॅक्टर आणि साइट इंजिनिअर, तिघांच्या सह्या. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद धरायची नाही हे आधीच सांगून ठेवा. हाताने मारलेलं पॉलिमर मॉर्टर एका थरात साधारण १० ते १२ मिमीच चढतं, त्याहून जाड मारलं तर घसरतं. म्हणजे २५ मिमी बिलात असेल तर किमान दोन थर झालेले दिसायलाच हवेत. एका दुपारी पूर्ण झालेला '४० मिमी'चा पॅच म्हणजे बिलातच ४० मिमी.

दुसरं टोक गोदामात. नेहमीचं मिश्रण पॉलिमर, सिमेंट आणि क्वार्ट्झ वाळू १:५:१५ वजनाने असतं. १ किलो पॉलिमर, ५ किलो सिमेंट, १५ किलो वाळू यातून साधारण १० लिटर तयार मॉर्टर मिळतं. १ चौरस मीटरवर २५ मिमी थर म्हणजे २५ लिटर, म्हणजे अडीच किलो पॉलिमर. आता बिलात ४०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४,३०० चौरस फूट, २५ मिमी लावलं असेल तर पॉलिमर १,००० किलो हवं आणि सिमेंट १०० गोण्या. बाँड कोटचं आणि नासाडीचं त्यात धरलेलंच नाही. २०० किलोचे ड्रम असतील तर पाच. गेटवरच्या रजिस्टरमध्ये दोनच ड्रम आलेले असतील तर एक तर जाडी नाही, नाही तर पॉलिमर नाही. दोन्हीत तुमचं नुकसानच.

यासाठी वॉचमनच्या वहीत माल आल्याची नोंद, चलनाची प्रत, बॅच नंबर आणि रिकाम्या ड्रमची मोजणी ठेवा. रिकामे ड्रम सोसायटीच्या ताब्यात, काम संपेपर्यंत बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. तेच ड्रम परत भरून येतात, हे वेगळं सांगायला नको. आरए (चालू कामाच्या) बिलासोबत हा ताळेबंद जोडणं पीएमसीच्या करारात घाला. जो पीएमसी याला कुरकुर करेल तो नाकारताना तुम्हाला फार विचार करावा लागणार नाही.

रिटेन्शन (राखून ठेवायची रक्कम) प्रत्येक बिलातून ५ टक्के कापा आणि दोषदायित्व कालावधीत (निघालेले दोष कॉन्ट्रॅक्टरने स्वखर्चाने काढायची मुदत) निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. पुल-ऑफ आणि ठोकून पाहणी त्या पावसाळ्यानंतर, रिटेन्शन सोडण्यापूर्वी.

---

पेण_वडखळ

उपसमितीतल्या सभासदाबद्दल. त्यांचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर असू शकतो आणि तरी त्यांचा हितसंबंध आहे, दोन्ही एकत्र खरं. ब्रँडची अट निघाली की त्यांच्या कंपनीलाही दार उघडतं.

काढू नका. लिहून घ्या की ते अमुक कंपनीत अमुक विभागात नोकरीला आहेत, पगार विक्रीशी जोडलेला आहे की नाही, आणि त्यांच्या कंपनीने किंवा तिच्या डीलरने या कामासाठी कोटेशन दिलंय का. हे उपसमितीच्या इतिवृत्तात जाऊ द्या. चाचण्या, मोजमाप, ड्रमचा ताळेबंद यात त्यांना पूर्ण वापरा, तिथे त्यांचं ज्ञान सोन्यासारखं आहे. साहित्याची निवड आणि टेंडरची तुलना आली की त्यांनी मत नोंदवून बाहेर बसायचं, मतदान नाही. आणि ते कार्यकारी समितीवरही असतील तर जास्त जपा. पदाधिकाऱ्याने सोसायटीच्या करारात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवायचा नाही असं उपविधींतच आहे. उद्या त्यांच्या कंपनीचा माल लागला तर उपनिबंधकांकडे तक्रार करायला कुणीतरी टपलेलं असतंच.

---

गच्चीवरची_टाकी

ऑडिटरकडे चाचण्यांचे मूळ आकडे मागितले. "ते माझं काम आहे, तुम्हाला अहवाल दिला" असं उत्तर आलं. लेखी मागायचं म्हणतोय.

---

सळई_बारा

नेमणूकपत्र काढा. त्यात आकड्यांबद्दल काही लिहिलेलं नसलं तरी चाचणीची फी सोसायटीने भरली आहे, त्यामुळे मागणं रास्तच आहे. पत्रात नेमकं मागा: प्रत्येक वाचनाची जागा, तारीख, पद्धत, पाथ लांबी (दोन प्रोबमधलं अंतर) मिमीत, वेळ मायक्रोसेकंदात, हॅमरची प्रत्येक ठिकाणची सगळी वाचनं, नुसती सरासरी नको, कोअरचे व्यास, उंची, तुटण्याचा भार, प्रयोगशाळेचा रिपोर्ट नंबर आणि ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त असल्यास त्या चाचणीपुरतं प्रमाणपत्र. पाथ लांबी आणि वेळ मिळाली की व्हेलॉसिटी तुम्हीच कॅल्क्युलेटरवर काढाल: ३०० मिमी भागिले ७५ मायक्रोसेकंद म्हणजे ४.० किमी/सेकंद.

प्रयोगशाळा वेगळी असेल तर तिलाही प्रत पाठवा. उत्तराला सात दिवसांची मुदत द्या, आणि तोवर पीएमसीचा विषय सभेच्या अजेंड्यावर घेऊ नका.